इन-स्टेट युनिव्हर्सिटीचा खरा खर्च कसा काढायचा?

अमेरिकेत मूल नववी-दहावीत गेलं की मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आम्ही प्रायव्हेटच्या फंदात पडणार नाही, इन-स्टेटला घालू, परवडेल." इन-स्टेट म्हणजे आपण राहतो त्या राज्याची सरकारी (पब्लिक) युनिव्हर्सिटी. निर्णय बहुतेकदा योग्यच असतो. फक्त "परवडेल" म्हणताना डोळ्यांसमोर जो आकडा असतो, तो अपुरा असतो. आपल्यापैकी बरेच जण महाराष्ट्रात सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात शिकले. सरकारी कॉलेज म्हटलं की फी कमी, हॉस्टेल स्वस्त, मेसचं बिल सोसवेल इतकं, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथल्या पब्लिक युनिव्हर्सिटीचं गणित निराळं आहे. राज्यातल्या रहिवाशाला सवलत मिळते ती मुख्यतः बिलातल्या एकाच ओळीवर, ट्यूशनवर, म्हणजे शिकवण्याच्या शुल्कावर. डॉर्म, जेवण, विमा, पुस्तकं, पार्किंग यांचा दर दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला जो, तोच तुमच्या मुलाला. शिवाय ट्यूशनवरची ती सवलतही अटींवर टिकलेली असते.

ज्यांचं पहिलं मूल आता हायस्कूलमध्ये आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक स्प्रेडशीट उघडून बसा आणि पुढच्या पायऱ्या तुमच्या राज्यातल्या दोन-तीन युनिव्हर्सिट्यांसाठी करा.

१. ट्यूशनचा आकडा बाजूला ठेवा, 'कॉस्ट ऑफ अटेंडन्स' शोधा

प्रत्येक युनिव्हर्सिटी हा आकडा दरवर्षी जाहीर करते. फायनान्शियल एड ऑफिसच्या पानावर तो सापडतो. त्यात ट्यूशन, फी, राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास आणि वैयक्तिक खर्च असं सगळं धरलेलं असतं. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार चार वर्षांच्या पब्लिक युनिव्हर्सिटीत इन-स्टेट ट्यूशन आणि फी यांची देशभरातली सरासरी ११,६१० डॉलर होती. राहण्या-जेवणाची सरासरी १३,३१० डॉलर, म्हणजे शिकण्यापेक्षा राहणं महाग. पुस्तकं, प्रवास, किरकोळ खर्च धरून एकूण बेरीज २९,९१० डॉलर. दर दहा डॉलरपैकी जेमतेम चार डॉलर ट्यूशन-फीचे. या हिशेबाने चार वर्षांचे जवळपास १ लाख २० हजार डॉलर होतात, तेही दरवाढ न धरता.

ही झाली सरासरी. राज्याराज्यांत फरक मोठा आहे. फ्लोरिडात, गेन्सव्हिलच्या युनिव्हर्सिटीत, इन-स्टेट ट्यूशन-फी साडेसहा हजारांच्या आत आहे. इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने २०१३ पासून ट्यूशन गोठवून ठेवली आहे, ती दहा हजारांच्या किंचित खाली. न्यू जर्सीत रटगर्स युनिव्हर्सिटीचा आकडा १८ हजारांच्या घरात जातो. कॅलिफोर्नियात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) कॅम्पसवर राहून शिकायचं तर एकूण खर्च वर्षाला ४० हजारांच्या वर जातो, कारण तिथलं घरभाडंच तसं आहे. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मित्राने सांगितलेला आकडा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने आपल्या शीटमध्ये लिहू नये.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा : मुलाचा विषय. बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरिंग, बिझनेस किंवा कॉम्प्युटर सायन्सची ट्यूशन इतरांपेक्षा जास्त असते. इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या अर्बाना-शँपेन कॅम्पसला इंजिनिअरिंगच्या मुलाला वर्षाला काही हजार डॉलर अधिक पडतात. मिशिगन युनिव्हर्सिटीत, ॲन आर्बरला, पहिल्या दोन वर्षांपेक्षा पुढच्या दोन वर्षांचा दर चढा आहे. आपली बरीच मुलं याच शाखांना जातात, तेव्हा पानावर वर दिलेला सर्वसाधारण आकडा आपल्यासाठी नाही असंच समजा. उलट इलिनॉयमध्ये कायद्याने, आणि यूसीमध्ये २०२२ पासून, मूल ज्या वर्षी प्रवेश घेतं त्या वर्षीची मूळ ट्यूशन त्याच्यासाठी पुढची काही वर्षं स्थिर राहते. अशा ठिकाणी दरवाढीचा रकाना लहान धरला तरी चालेल. बाकी ठिकाणी दर चढेल हेच गृहीत धरा.

२. तुम्ही खरंच इन-स्टेट आहात का, आणि चारही वर्षं राहाल का?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच गृहीत धरली जाते. बहुतेक राज्यांत वर्ग सुरू होण्याआधी किमान १२ महिने पालकांचं खरं वास्तव्य त्या राज्यात असावं लागतं. पुरावा म्हणून राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार किंवा घराची कागदपत्रं मागतात. अवलंबून असलेल्या मुलाची रेसिडेन्सी आई-वडिलांच्या मागे जाते. आयटीतल्या लोकांना प्रोजेक्टसाठी किंवा नव्या नोकरीसाठी राज्य बदलावं लागतं. मूल अकरावी-बारावीत असताना हलायची वेळ आली तर पगारवाढ किती मिळते याच्या शेजारी हा खर्चही मांडा. २०२४-२५ मध्ये आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन-फीची सरासरी ३०,७८० डॉलर होती. फरक वर्षाला १९ हजारांचा आहे. बारावीच्या सुट्टीत घर बदललं तर कधी कधी दोन्ही राज्यांत मूल बाहेरचं ठरण्याची वेळ येते. म्हणून हलण्याआधी दोन्हीकडच्या युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर कुणी काय सांगितलं, ते नंतर उपयोगी पडत नाही.

आता व्हिसाचं. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी हा भाग दोनदा वाचावा.

एच-४ वरच्या (म्हणजे पालकाच्या एच-१बी या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलाला अनेक राज्यांत इन-स्टेट दर मिळू शकतो. टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही त्यातली मोठी राज्यं. पण एच-४ दर्जा २१ व्या वाढदिवसाला संपतो. समजा मूल ऑगस्ट २००६ मध्ये पुण्यात जन्मलं, चार वर्षांचं असताना इथे आलं, २०२४ च्या फॉलला (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राला) कॉलेजात गेलं. ऑगस्ट २०२७ मध्ये, शेवटचं वर्ष सुरू होतानाच, ते २१ पूर्ण करतं. तोवर ग्रीन कार्ड हातात नसेल तर बहुतेक मुलं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि एफ-१ हा तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा असल्यामुळे बऱ्याच राज्यांत त्यावर रेसिडेन्सी मिळत नाही. म्हणजे शेवटच्या वर्षाचं बिल आउट-ऑफ-स्टेट दराने येऊ शकतं. काही राज्यांत त्याच राज्यातल्या हायस्कूलमध्ये ठरावीक वर्षं शिकून पास झालेल्याला वेगळा नियम लागू होतो, म्हणून तुमच्या राज्याचा नियम नीट वाचा. वय मोजताना अर्ज प्रलंबित असलेला काळ वजा करून देणारा २००२ चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टही आहे. तो तुमच्या केसला कितपत लागू पडतो, हे इमिग्रेशन वकिलाकडूनच समजून घ्या. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या माणसाच्या अनुभवावर हा निर्णय सोडू नये, कारण त्याची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) वेगळी असते.

एच-४ चा आणखी एक खर्च बिलात कधीच दिसत नाही. या मुलांना कामाची परवानगी नसते. कॅम्पसवर लायब्ररीत तासावर काम नाही, उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिप नाही. ज्या उन्हाळ्यात वर्गातली इतर मुलं काही हजार डॉलर कमावून आणतात, त्या उन्हाळ्यात आपलं मूल घरी बसतं. म्हणून काही घरं मुद्दाम लवकर एफ-१ घेतात, कारण त्यावर कॅम्पसवर काम करता येतं आणि अभ्यासक्रमाला जोडलेली इंटर्नशिपही करता येते. त्यात इन-स्टेट दर जातो का, हे आधी विचारा. दोन्ही बाजूंचे आकडे समोर ठेवल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका.

३. नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवा, फाफ्सा भरा

२०११ पासून फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. उत्पन्न, बचत, घरातली माणसं ही माहिती भरली की अंदाजे किती अनुदान मिळेल आणि आपल्या खिशातून किती जाईल हे दिसतं. मूल दहावीत असताना एका शनिवारी दोघांनी मिळून हे करावं. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न हाताशी असला की पंधरा-वीस मिनिटांचं काम.

फाफ्सा म्हणजे फेडरल आर्थिक मदतीसाठी भरायचा फॉर्म. त्याबद्दल आपल्या लोकांत दोन चुकीच्या समजुती आहेत. पहिली : "आम्ही एच-१बी वर आहोत, म्हणजे आम्हाला फाफ्सा नाही." मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि पूर्ण हक्काने फाफ्सा भरू शकतं. पालकांचा व्हिसा आड येत नाही. ग्रीन कार्डवरच्या मुलालाही भरता येतो. एच-४ वरच्या मुलाला मात्र फेडरल मदत मिळत नाही, त्याने युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या स्कॉलरशिप शोधाव्यात.

दुसरी समजूत : "आमचं उत्पन्न जास्त, भरून उपयोग काय?" फाफ्सा भरलेला नसेल तर मुलाच्या नावावरचं फेडरल कर्जसुद्धा मिळत नाही, आणि काही राज्यांच्या व युनिव्हर्सिट्यांच्या स्कॉलरशिपही त्यावरच ठरतात. फॉर्म साधारणपणे १ ऑक्टोबरला उघडतो आणि दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स रिटर्न वापरतो. म्हणजे दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं जे कॅलेंडर वर्ष, त्याचं उत्पन्न मोजलं जातं. शेअर विकून मोठा नफा काढायचा असेल तर ते वर्ष टाळता आलं तर टाळा. पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट, भारतातल्या एफडी हेही मालमत्तेत दाखवावं लागतं. राहतं घर आणि ४०१के (निवृत्तीचं खातं) मात्र धरत नाहीत. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असली की मिळणारी फेडरल सूट २०२४-२५ पासून बंद झाली आहे. ज्यांच्या दोन मुलांत दोन वर्षांचं अंतर आहे त्यांनी शीटमध्ये ती सूट धरू नये.

राज्यांच्या योजनाही पाहा. जॉर्जियात १९९३ पासून लॉटरीच्या पैशांतून होप स्कॉलरशिप दिली जाते. फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स आहे, वरच्या पातळीला ती पूर्ण ट्यूशन भरते, पण त्यासाठी हायस्कूलमध्ये सेवेचे किंवा पगारी कामाचे ठरावीक तास भरावे लागतात, आणि ते बारावीत घाईघाईने भरून होत नाहीत. टेक्सासमध्ये यूटी सिस्टिमने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या समूहाने) २०२५ च्या फॉलपासून एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इन-स्टेट मुलांची ट्यूशन माफ केली आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीची अशीच योजना सव्वा लाखापर्यंत जाते, अर्थात त्यात मालमत्तेचीही मर्यादा असते. यांतल्या बहुतेक योजनांना नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा रेसिडेन्सीच्या अटी आहेत.

४. ऑगस्टचं बिल ओळीओळीने वाचा

पहिलं टर्म बिल साधारण जुलै-ऑगस्टमध्ये पोर्टलवर येतं. ट्यूशनच्या खाली ओळींची रांग असते : कॅम्पस फी, टेक्नॉलॉजी फी, लॅब फी, ओरिएंटेशन फी, डॉर्म, मील प्लॅन. मग एक जाड ओळ दिसते, स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स. ती वर्षाला काही हजार डॉलरची असू शकते आणि बहुतेक ठिकाणी आपोआप बिलात चढते. मूल तुमच्या नोकरीच्या विम्यावर असेल तर वेव्हर (हा विमा नको असल्याचा अर्ज) भरून ती काढून टाकता येते, पण मुदतीच्या आत, आणि दरवर्षी नव्याने. मुदत चुकली की पैसे परत मिळणं कठीण. वेव्हर भरण्याआधी एवढं बघा, तुमचा विमा कॉलेजच्या गावात चालतो का? स्थानिक नेटवर्कपुरता एचएमओ असेल तर दोनशे मैलांवर तापाने फणफणलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

मील प्लॅन पहिल्या वर्षी डॉर्मबरोबर बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. सगळ्यात मोठा प्लॅन पहिल्याच सेमिस्टरला घेऊ नका. शाकाहारी मुलाला डायनिंग हॉलमध्ये रोज काय मिळतं हे कॅम्पस व्हिजिटला जाल तेव्हा स्वतः जेवून पाहा. नाहीतर प्लॅनचे पैसे भरूनही मूल बाहेरून मागवून खातं आणि तो खर्च कोणत्याच शीटमध्ये येत नाही.

दुसऱ्या वर्षी मुलं अपार्टमेंटमध्ये जातात. अनेक कॉलेज टाउनमध्ये लीज १२ महिन्यांचं असतं आणि वर्ग चालतात नऊ महिने. तीन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, वीज-इंटरनेट आणि गादी-टेबल हे वेगळं लिहा. मोठ्या कॅम्पसच्या आसपास पुढच्या फॉलची लीज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सही होतात, हे ऐकून नवे पालक चकित होतात.

५. चार वर्षं की पाच?

डिग्रीला साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक कोर्सला मिळणारे गुणांक) लागतात. फुल-टाइम विद्यार्थी ठरायला सेमिस्टरला १२ पुरतात. मूल नियमाने १२-१२ घेत राहिलं तर आठ सेमिस्टरमध्ये ९६ होतात, २४ बाकी राहतात. म्हणजे आणखी दोन सेमिस्टर, एक अख्खं वर्ष. त्या वर्षाचे तीस-पस्तीस हजार आणि तेवढ्याच काळाचा बुडालेला पगार, दोन्ही मोजा. अनेक ठिकाणी १२ ते १८ क्रेडिटना एकच ट्यूशन असते, तेव्हा १५ घेतल्याने बिल वाढत नाही. माझ्या मते खर्च वाचवण्याचा याहून मोठा उपाय कोणत्याही स्कॉलरशिपमध्ये नाही.

मेजर (मुख्य विषय) बदलल्यानेही वर्ष वाढतं. आईबापांच्या आग्रहाखातर कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं मूल तिसऱ्या सेमिस्टरला बाहेर पडतं, तेव्हा घेतलेली काही क्रेडिट नव्या मेजरला लागू होत नाहीत. मुलाचा कल आधी ऐकून घेतला तर हा खर्चही टळतो.

कॉलेज निवडताना सरकारच्या कॉलेज नॅव्हिगेटर या साइटवर पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण पाहा. माहितीपत्रकांत बहुधा सहा वर्षांचा आकडा छापतात. तुम्ही चार वर्षांचा बघा.

६. कुठे खरंच वाचतं

एपीच्या (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांच्या) परीक्षा : इलिनॉयच्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांना पाचपैकी ३ गुणांनाही क्रेडिट द्यावं लागतं, रटगर्स ४ किंवा ५ मागतं. मिळालेलं क्रेडिट मेजरच्या विषयात धरतात की नुसतं इलेक्टिव्ह म्हणून, हे विचारा. इलेक्टिव्हची दहा क्रेडिट जास्त असून सेमिस्टर एकही कमी झालं नाही, असंही होतं.

कम्युनिटी कॉलेजबद्दल आपल्याकडे उगाच कमीपणा मानतात. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्सची डिग्री घेऊन राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिटीत गेल्यावर आधीची क्रेडिट धरली जातात. दोन वर्षं घरी राहून शिकलं तर डॉर्म आणि निम्म्या ट्यूशनचा बराच भाग वाचतो, आणि पदवीवर नाव मोठ्या युनिव्हर्सिटीचंच असतं. इंजिनिअरिंगसारख्या शाखांत मात्र ट्रान्स्फरची वेगळी स्पर्धा असते, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून ट्रान्स्फर ॲडव्हायजरला धरून चाला.

घरी राहून युनिव्हर्सिटीत जाणं एडिसन-पिस्काटवेकडच्या घरांना सहज जमण्यासारखं आहे, रटगर्सचे कॅम्पस तिथून जवळ आहेत. पण डॉर्मचे पैसे पूर्ण वाचत नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाचा गाडीचा विमा, पार्किंग परमिट आणि पेट्रोल त्यातून वजा करा.

राज्यात हवा तो विषय नसेल तर प्रादेशिक करार आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) योजनेत बाहेरच्या राज्यातल्या मुलाला इन-स्टेट दराच्या दीडपटीहून जास्त ट्यूशन लावत नाहीत. मध्य-पश्चिम आणि दक्षिणेतही असे करार आहेत.

प्रायव्हेटलाही सरसकट फुली मारू नका. २०२५ च्या फॉलपासून हार्वर्ड आणि एमआयटीने साधारण मालमत्ता असलेल्या, दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ केली आहे. प्रवेश अवघड आहे, पण मिळाला तर तुलना आकड्यांनीच करा.

७. पैसे कोणत्या खिशातून काढायचे

५२९ (शिक्षणासाठी करसवलतीचं बचत खातं) खात्यातले पैसे ट्यूशन, फी, पुस्तकं, कॉम्प्युटर आणि राहण्या-जेवणाला करमुक्त वापरता येतात. अपार्टमेंटचं भाडं चालतं, पण युनिव्हर्सिटीने कॉस्ट ऑफ अटेंडन्समध्ये धरलेल्या रकमेपर्यंतच. विमानाचं तिकीट आणि हेल्थ इन्शुरन्स त्यात बसत नाहीत. बिल ज्या कॅलेंडर वर्षात भरलं, त्याच वर्षात खात्यातून रक्कम काढा.

दोघांचं मिळून उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असेल तर एक काम आवर्जून करा : वर्षाला ४,००० डॉलरची ट्यूशन ५२९ मधून न भरता साध्या बचतीतून भरा. त्यावर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट म्हणून २,५०० डॉलरपर्यंत कर वाचतो, चार वर्षं. १ लाख ८० हजारांपर्यंत ते कमी कमी होत जातं, त्यापुढे मिळत नाही.

कर्ज घ्यायचंच तर आधी मुलाच्या नावावरचं फेडरल डायरेक्ट लोन : पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५०० डॉलरपर्यंत. पालकांच्या प्लस लोनला १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली आहे. पूर्वी लागेल तेवढं मिळायचं. जुन्या सल्ल्यावर बेत आखू नका.

८. ॲवॉर्ड लेटर वाचताना

वसंतात कॉलेजकडून आर्थिक मदतीचं पत्र, म्हणजे ॲवॉर्ड लेटर, येतं. समजा त्यात असं आहे : खर्च ३१,०००. ग्रँट ३,०००, डायरेक्ट लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, पॅरेंट प्लस २०,०००. खाली बाकी शून्य. या पत्रातली मदत फक्त तीन हजारांची आहे. कर्ज फेडायचं आहे, आणि वर्क-स्टडीचे पैसे मुलाने काम केल्यावर आठवड्या-पंधरवड्याने हातात येतात, ऑगस्टचं बिल त्यातून भरता येत नाही. तुमच्या शीटमध्ये लिहायचा आकडा २८,०००. प्रत्येक कॉलेजच्या पत्रातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा, मग कॉलेजं शेजारीशेजारी ठेवा. स्कॉलरशिप एकाच वर्षाची आहे की चारही, आणि टिकवायला किती जीपीए लागतो, हे त्याच ओळीत लिहा.

नोकरी गेली, आजारपणात मोठा खर्च झाला, उत्पन्न दोन वर्षांपूर्वीसारखं राहिलं नाही, तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रांसह पत्र लिहा. त्यांना आकडे फेरतपासण्याचा अधिकार असतो. हे करताना संकोच बाळगू नका.

ही शीट मुलाला दाखवा, आणि दहावी-अकरावीतच दाखवा. वर्षाला आपण किती देऊ शकतो तो आकडा त्याला अर्ज करण्याआधी कळला तर यादी त्या हिशेबाने तयार होते. एप्रिलमध्ये, ॲडमिशन हातात आल्यावर "हे नाही जमणार" म्हणणं दोघांनाही फार जड जातं. डिपॉझिट भरण्याची नेहमीची तारीख १ मे. त्यानंतर हाउसिंगचा फॉर्म, लसीकरणाची कागदपत्रं आणि विम्याच्या वेव्हरची तारीख कॅलेंडरवर टाका, आणि ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षाचा फाफ्सा पुन्हा भरा.